पोट दुखते असे मूल रोज सांगते तेव्हा

सहावीतली एक मुलगी होती. गावाचे नाव सांगत नाही. पश्चिम साक्रीतले, पिंपळनेरहून फार लांब नाही, एवढे पुरे. मी तेव्हा आरोग्य सेविका होते आणि त्या गावची शाळा माझ्या उपकेंद्राखाली येत होती. लसीकरण असो, जंतनाशक गोळ्या असोत, लोहाच्या निळ्या गोळ्या असोत, वर्षातून दहा-बारा चकरा शाळेत व्हायच्याच. त्या मुलीला वर्गशिक्षिका माझ्याकडे पाठवायच्या.

"सिस्टर, पोट दुखस." एवढेच ती बोलायची.

मी पोट चाचपले, जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहिले, आणि जंताची गोळी दिली. पुढच्या खेपेला परत तेच. पाळी सुरू झाली असेल म्हणून विचारले, तर नाही. उकळून पाणी पी, शेव-कुरकुरे खाऊ नको, असा उपदेश केला. तिसऱ्या खेपेला शिक्षिकाबाई मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, एक गोष्ट सांगू? हिचं पोट शनिवारीच दुखतं. अर्धी शाळा म्हणून बाकीची पोरं उड्या मारतात, आणि ही साडेदहापासून पोट धरून बसते. घरी जायचं नाव काढत नाही."

मी शिकलेली, प्रशिक्षण घेतलेली बाई. मला दिवस दिसला नाही, फक्त पोट दिसले. शिक्षिकेला दिवस दिसला. घरी आईबाप शनिवारी बाजाराला जात आणि घरात दुसरेच कोणीतरी असे. पुढचे सांगत नाही.

तक्रार झाली. जबाब झाले. आणि पंधरा दिवसांत त्या मुलीचा दाखला शाळेतून निघाला. तिला मामाच्या गावी पाठवले असे सांगण्यात आले. तिकडे ती शाळेत गेली नाही. दोन-अडीच वर्षांनी तिच्या लग्नाची बातमी माझ्या कानावर आली. ज्याच्यावर आरोप होता तो माणूस जामिनावर सुटून गावातच राहिला. गाव तिचे सुटले, शाळा तिची सुटली.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते या दाखल्याविषयी आहे. अत्याचार झाल्यावर पोलीस काय करतात, कोर्ट काय करते, यावर आपण पुष्कळ बोलतो, मोर्चे काढतो, निवेदने देतो. ते केलेच पाहिजे. पण ते मूल दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाणार, कोणत्या बाकावर बसणार, त्याच्याशी कोण बोलणार, हा प्रश्न आपण विचारतच नाही. माझ्या मते औषधाइतकाच तो आरोग्याचा प्रश्न आहे. हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे जागतिक आरोग्य सभेने १९९६ साली ठराव करून सांगितले. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले ते याच विचाराने. मार खाऊन आलेल्या बाईच्या जखमेला टाके घालून तिला परत त्याच घरी पाठवणे म्हणजे उपचार नव्हे, हे महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून दवाखान्यातच मान्य केले. पुढे इतर राज्यांनीही ते उचलले. दवाखान्याने जे मान्य केले ते शाळेने अजून मान्य केलेले नाही.

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन चिमुरड्या, शाळेचा सफाई कर्मचारी, शाळेचेच स्वच्छतागृह. पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास बसावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना कळवले नाही यावरही बोट ठेवले. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्यानंतर चर्चा सगळी चकमकीची झाली. त्या दोन मुलींच्या शाळेचे काय, त्यांच्या वर्गातल्या बाकीच्या लेकरांचे काय, हे किती जणांनी विचारले?

बदलापूरनंतर सरकारने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. यातल्या बऱ्याच गोष्टी जुन्याच होत्या. सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा, तक्रारपेटीचा त्याच्याही आधीचा. म्हणजे कागद होते. कॅमेऱ्याविषयी माझे मत विचाराल तर, असावा. पण जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत, जिथे विजेचे बिल भरायची मारामार, तिथे कॅमेरा किती दिवस चालणार? आणि चालला तरी त्याला शाळेचे फाटक दिसते. शनिवारी दुपारचे घर दिसत नाही. ते त्या शिक्षिकेला दिसले, कारण तिने हजेरी नुसती मांडली नाही, वाचली.

तक्रारपेटीचेही तसेच. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी लावलेली पेटी मी पाहिली आहे. त्यात चिठ्ठी टाकायला जाणारे मूल सगळ्या शाळेला दिसते. पेटी लावायचीच तर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, पाण्याच्या टाकीजवळ लावा. आणि पेटीत नुसत्या कोऱ्या चिठ्ठ्या टाकायला सगळ्या मुलांना सांगा, म्हणजे कोणी काय टाकले हे कळणार नाही.

आता मूल बोलते तेव्हाचे. मूल ठरवून, खुर्ची ओढून, व्यवस्थित बसून सांगत नाही. झाडू मारताना सांगते, वही तपासून घेताना सांगते. अर्धे वाक्य बोलते आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघते. चेहरा घाबरला किंवा चिडला की उरलेले वाक्य ते गिळून टाकते. म्हणून त्या पाच मिनिटांत शिक्षकाने करायचे ते थोडकेच आहे. ऐकायचे. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढे म्हणायचे. "कोणाला सांगणार नाही" असे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही आणि त्या मुलाला आणखी एका मोठ्या माणसाने फसवल्यासारखे होईल. "मी हे ज्यांना सांगितलंच पाहिजे त्यांनाच सांगेन, आणि तुला विचारून सांगेन," असे म्हणावे. तपशील खोदून काढायचे नाहीत. तू का ओरडली नाहीस, आधी का नाही सांगितलेस, मोबाईल कशाला घेतला होतास, हे प्रश्न तर तोंडातून येताच कामा नयेत. मुलाने वापरलेले शब्द त्याच दिवशी, त्याच्याच बोलीत, लिहून ठेवावेत. अहिराणीत सांगितले असेल तर अहिराणीत. शुद्ध मराठी करायच्या नादात अर्थ निसटतो, आणि पुढे कोर्टात त्यावरच बोट ठेवले जाते.

सगळ्यात वाईट म्हणजे मुख्याध्यापकांनी मुलाला कार्यालयात बोलावून चार शिक्षकांसमोर परत सांगायला लावणे, मग संस्थेचे अध्यक्ष आले की परत, मग ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोर उभे करून "खरं काय ते बोल" म्हणणे. आपल्याकडे याला चौकशी म्हणतात. शाळेला ती करायचा अधिकारच नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याचे कलम १९ सांगते की असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची भीती आहे असे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवायचे. खात्री करून घ्या असे ते कलम म्हणत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे; संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. शिक्षक बंधूभगिनींनी ही शेवटची ओळ दोनदा वाचावी. "उगाच आपल्या अंगाशी येईल" ही भीती मी स्टाफरूममध्ये फार ऐकली आहे. अंगाशी येते ते न सांगितल्याने.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला २०१९ साली एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रकार कळूनही त्यांनी तो पोलिसांना कळवला नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा पुन्हा उभा केला. माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासारखाच आहे, असे न्यायालयाने बजावले. आम्हा आरोग्य खात्यातल्या लोकांना हा निकाल पाठ असला पाहिजे. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, दात मोजते, वजन करते, नजर तपासते. मुले आजारी आहेत हे आम्ही शोधतो. ती कशाने आजारी आहेत हे विचारायला आम्हाला शिकवले पाहिजे.

कशाने, ते ओळखायचे कसे? शहाणे मूल अचानक वर्गात अंथरूण ओले करण्याच्या वयात परत गेल्यासारखे वागते. अभ्यासात बरे असलेले मूल एका चाचणीत तळाला जाते. लघवीला जळजळ, बसताना दुखणे, सारखी डोकेदुखी, पोटदुखी, झोप नाही, वर्गात पेंगणे. कोणी मागून हात लावला की दचकणे. एखाद्या ठरावीक माणसाचे नाव निघाले की गप्प होणे. उलट काही मुले फार चिडकी होतात, मारामाऱ्या करतात, आणि त्यांना आपण वांड म्हणून छडी देतो. यातले एकच लक्षण असले म्हणून अत्याचारच झाला असे नाही. पोटदुखी बहुतेक वेळा पोटदुखीच असते. पण ती परत परत, ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी येत असेल तर गोळीआधी विचार करावा.

मुलगेही यात येतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून अभ्यास केला, त्यात लैंगिक छळ सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे जास्तच निघाले. मुलगा सांगायला आला तर आपण हसतो. त्या हसण्यानंतर तो आयुष्यभर कोणाला सांगत नाही.

आणि एक वर्ग असा आहे की ज्याला कोणी हातही लावलेला नसतो. रात्री बाप दारू पिऊन आला, आईला मारले, मूल चुलीच्या कोपऱ्यात बसून बघत होते. सकाळी ते शाळेत येते. गृहपाठ केलेला नसतो. गुरुजी उभे करतात. आपल्या खान्देशातल्या शाळांत अशा मुलांची संख्या बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. त्यांच्यासाठी पोलीस ठाणे गाठायची रोज गरज नाही. गृहपाठ शाळेतच अर्धा तास बसून करू द्या, पोषण आहाराच्या रांगेत त्याला आधी वाढा, आईला पालकसभेच्या निमित्ताने एकटीला बोलवा आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहे, १८१ हा फोन आहे, एवढे तिच्या कानावर घाला. बस्स.

जिथे अत्याचार झालेला आहे तिथे मात्र घड्याळ महत्त्वाचे. बलात्काराच्या घटनेत पहिल्या ७२ तासांत दवाखाना गाठला तर एचआयव्ही टाळण्याची २८ दिवसांची औषधे सुरू करता येतात, वयात आलेल्या मुलीला गर्भ राहू नये म्हणून गोळी देता येते, आणि ती जितकी लवकर तितकी उपयोगी. म्हणून आधी पंचाची बैठक, मग मामांना निरोप, मग अमावस्या टळू दे, असे करत तीन दिवस घालवू नका. मुलीला आंघोळ घालून, कपडे धुऊन नेऊ नका. कपडे कागदात गुंडाळून सोबत न्या. पण आंघोळ झाली असेल, दिवस उलटले असतील, तरीही न्याच; उपचाराचा हक्क संपत नाही. कोणताही दवाखाना, सरकारी असो की खाजगी, पहिले उपचार फुकट द्यायला बांधील आहे आणि 'आधी एफआयआर आणा' असे म्हणू शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, आईच्या किंवा मुलीच्या विश्वासाच्या बाईसमोर करायची. ती दोन बोटांची घाणेरडी चाचणी आता कोणी करू लागले तर थांबवा. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी तिच्याविरुद्ध अहवाल लिहिला, ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २०१४ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती बंद करायला सांगितले आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरा म्हटले. पिंपळनेर-साक्रीला सोय झाली नाही तर धुळ्याचे हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ची गाडी बोलवा.

शाळेचा यात काय संबंध, असे वाटेल. संबंध हा, की आईबाप कोयता घेऊन बारडोली-मढीच्या फडात गेलेले असतात आणि लेकरू आजीजवळ नाहीतर वसतिगृहात असते. अशा वेळी शिक्षिका हीच एकटी शहाणी मोठी बाई त्या मुलीच्या आसपास असते. तिने सोबत जावे. मुलीचा जबाब पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला पसंत असेल त्या जागी, साध्या कपड्यांत, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा असतो. खाकी वर्दीतला पोलीस वर्गाच्या दारात उभा राहता कामा नये. तसे झाले की सगळ्या गावाला नाव कळते, आणि मुलीचे नाव फुटणे हाही गुन्हाच आहे. बालकल्याण समितीकडे मुलीसाठी सहायक व्यक्ती मागता येते, जी कोर्ट संपेपर्यंत सोबत राहते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य योजनेचा अर्ज करता येतो. मूल अनुसूचित जाती-जमातीचे असेल आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर पोक्सोबरोबर ॲट्रॉसिटीची कलमे लागली का, हे एफआयआरची प्रत हातात घेऊन तपासावे. ती लागली तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि शासनाचे अर्थसाहाय्य वेगळे मिळते. ही कलमे 'विसरली' जातात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

एका अडचणीकडे डोळेझाक करणे मला जमणार नाही. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने कोणाबरोबर गेली आणि दिवस राहिले, तर तीही पोक्सोतच येते. गुन्हा नोंदेल या भीतीने घरचे तिला दवाखान्यात आणत नाहीत, कुठल्यातरी भोंदूकडून गोळ्या आणतात, आणि मुलगी रक्तस्राव होऊन येते. अशा केसेस मी पाहिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे की अल्पवयीन मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव देण्याची गरज नाही. अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. हे शाळेतल्या मोठ्या मुलींना मैत्री क्लिनिकच्या निमित्ताने माहीत व्हायला हवे. कायदा मुलीला दवाखान्यापासून दूर पळवत असेल तर त्यावर समाजाने उघड बोलले पाहिजे. कोणी काही म्हणो.

आता दाखल्याकडे येते. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. शाळा काढत नाहीत, हे खरे. पालकांनाच बोलावून "मुलीचं बघा, इथं चर्चा होते, तिलाच त्रास," असे मऊ आवाजात सांगतात, आणि अर्ज पालकांच्या सहीने येतो. हे थांबवणे एकट्या मुख्याध्यापकाच्या हातात आहे. त्याने म्हणावे, दाखला मागू नका, मुलगी इथेच शिकेल, मी आहे. कोर्टाच्या तारखांना गैरहजेरी लावू नका, बुडालेली चाचणी परत घ्या, जिच्याजवळ तिला बसायचे आहे तिच्याजवळ बसू द्या. आरोप शिक्षकावर किंवा शिपायावर असेल तर हलवायचे त्याला, मुलीला नव्हे. तिला खेळात घ्या, स्नेहसंमेलनात घ्या, पण प्रत्येक वेळी "आपली ती मुलगी" म्हणून जपत जपत घेऊ नका. मुलांना दया लगेच कळते. वर्गात कुजबुज सुरू झाली तर मुलीचे नाव न घेता सगळ्या वर्गाशी बोला. सगळ्या शिक्षकांना सगळे सांगायची गरज नाही. एका शिक्षिकेला माहीत असावे आणि मुलीला कधीही वर्गातून उठून तिच्याकडे जायची मुभा असावी. रात्री झोप नाही, जीव द्यावासा वाटतो, असे बोलली तर १४४१६ या टेलिमानसच्या फोनवर मराठीतून बोलता येते. १०९८ तर आहेच.

शाळा सुटली की काय होते, ते आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, आणि आपल्या धुळे जिल्ह्यात सुमारे ४० टक्के. आपल्या जिल्ह्यात मुलीला शाळेबाहेर काढले की ती मांडवात जाते. ज्या मुलीवर बोट उठले तिची तर घाईच होते. जळगावात १९९४ साली शाळा-कॉलेजातल्या मुलींची छायाचित्रे काढून त्यांना धमकावण्याचे ते प्रकरण आठवणारी माणसे अजून आहेत. अरविंद इनामदार, मीरां बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासाला होते, तरी पुढे येऊन साक्ष देणाऱ्या मुली मोजक्याच. कारण नाव फुटले तर लग्न होणार नाही. ज्यांचा काही संबंध नव्हता अशा त्या शहरातल्या मुलींची स्थळेसुद्धा मोडली गेली म्हणतात. आज छायाचित्राच्या जागी मोबाईल आहे, बाकी धमकी तीच आहे.

पिंपळनेरच्या माणसाला राईनपाडा सांगावे लागत नाही. १ जुलै २०१८, रविवारचा बाजार. मुले पळवणारी टोळी आली अशी मोबाईलवर अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच निरपराध भिक्षेकरी जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. मुलांच्या काळजीपोटी झाले म्हणे. परक्या माणसाची एवढी भीती, आणि दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात पाहावे तर मुलांवर बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक घटनांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा, घरी येणारा-जाणारा. भटक्यांच्या झोळीत आपण मुले शोधली. घरातल्या खाटेखाली कोणी पाहिले नाही.

आणि आपल्या वस्तीत? मागे एकदा, गाव सांगत नाही, आरोप आपल्याच एका कार्यकर्त्यावर आला. जयंतीच्या वर्गणीत पुढे, भाषणात पुढे. मुलीच्या आईला चार जाणत्यांनी समजावले, "ताई, समाजाची बदनामी होईल. आधीच ते लोक आपल्यावर टपलेले आहेत. आपापसात मिटवू." मी त्या खोलीत होते. माझेही तोंड उघडले नाही, हे कबूल करते. मिटवण्यासारखे त्यात काही नव्हते. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येतच नाही, आणि मिटवणारेही कलम २१ मध्ये येतात. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषदेत हजारो बायांपुढे उभे राहून मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असे सांगितले. त्या सभेतून घरी परतलेल्या बायांच्या पणत्या आज शाळेत आहेत. त्यातली एक बोलली तर समाजाची बदनामी होते, हे कोणी ठरवले?

फुले दांपत्याच्या शाळेतली मातंग समाजाची चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने १८५५ साली आपल्या लोकांच्या हालांवर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. बाळंतिणीला निवारा नाही हे दुःख त्या पोरीने लिहून दाखवले. तिला कोणी "असं लिहू नये" म्हटले नाही, म्हणून तो निबंध आहे.

ती शनिवारवाली शिक्षिका आता दुसऱ्या शाळेत आहे. मध्यंतरी बाजारात भेटली. तिने हजेरीच्या मागच्या पानावर एक तक्ता आखला आहे: कोणाचे काय दुखले, कोणत्या वारी, किती वाजता. मुलांची पूर्ण नावे लिहीत नाही, खुणा करते. महिन्यातून एकदा ते पान आरोग्य सेविकेसमोर ठेवते आणि दोघी मिळून वाचतात. वीस मिनिटे लागतात, असे म्हणाली. तक्त्याचा नमुना मी तिच्याकडून मागून घेतला आहे. ज्या शिक्षकांना हवा असेल त्यांनी पौर्णिमेला विहारात यावे, मी प्रती काढून ठेवते.